खूप वर्षांनी पापांगीकाराला जाताना

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर चर्चच्या आवारात कुणीतरी मला बाजूला घेतं आणि आवाज खाली करून म्हणतं, “जायचंय हो, पण किती वर्षं झाली! बोलायचं काय तेच आठवत नाही.” कधी ती लग्न होऊन आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, आलेली सून असते, कधी आखातात नोकरी करून परतलेला गृहस्थ, कधी नुकताच बाप्तिस्मा झालेला तरुण. मी वसईची, प्रौढांच्या श्रद्धावर्गात शिकवते. या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. मी स्वतः सहा वर्षं गेले नव्हते. त्या रांगेत पाय कसे जड होतात ते मला ठाऊक आहे.

आधी नावाचं बघू. धर्मगुरूपुढे आपली पापं कबूल करायची आणि देवाची क्षमा घ्यायची, असा हा संस्कार. या संस्काराला प्रायश्चित्त संस्कार म्हणतात, पापांगीकार म्हणतात, समेटाचा संस्कारही म्हणतात. तरुण मुलं सरळ कन्फेशन म्हणतात. कोकणी बोलणारे कुमसार म्हणतात, तो पोर्तुगीजातून आलेला शब्द. मला स्वतःला ‘समेट’ सगळ्यात जवळचा वाटतो, पण त्या शब्दाने एक गफलत होते आणि बहुतेकांची भीती तिथूनच सुरू होते.

भावकीत बांधावरून भांडण झालं की गावातली चार जाणती माणसं मध्ये बसतात. यानं हातभर सोडायचं, त्यानं हातभर सोडायचं, आणि झाला समेट. देवाशी होणारा समेट असा नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हा शब्द येतो, आणि तिथे समेट करणारा देव आहे. ज्याचं काहीच चुकलेलं नाही तोच उठून आपल्या दारात आला आहे. तो हातभर जागा मागत नाही. म्हणून चर्चकडे निघताना मनात सौदा जुळवू नका. ‘एवढं माफ कर, मी अमुक नवस फेडीन, तमुक सोडीन’ असली तयारी मी पुष्कळ पाहिली आहे, आणि ती माणसाला हलकं करत नाही.

उधळ्या पुत्राची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. बापाकडून वाटणी घेऊन दूर देशी गेलेला, सगळं उधळून डुकरं राखायची वेळ आलेला आणि शेवटी घरी परतणारा तो मुलगा. लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय पुन्हा एकदा काढा आणि एक बारीक गोष्ट बघा. मुलगा डुकरांजवळ बसलेला असतानाच बापाला काय सांगायचं ते ठरवतो. मी पाप केलं, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एका चाकरासारखं ठेवा. घरी पोचल्यावर तो पहिल्या दोन गोष्टी बोलतो. तिसरी त्याच्या तोंडून निघतच नाही. बाप मध्येच नोकरांना झगा आणायला सांगतो. चाकरीचा सौदा बोलायला त्याला वेळच मिळत नाही. आणि तो मुलगा दूर असतानाच बापाला दिसला होता, म्हणजे बापाची नजर वाटेवर होती. पुढच्या सगळ्या पायऱ्या या गोष्टीच्या आधाराने वाचा.

कुणी जायचं

हा संस्कार बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. तुम्ही अजून शिकत असाल आणि येत्या ईस्टरच्या जागरणविधीत तुमचा बाप्तिस्मा व्हायचा असेल, तर त्याआधी पापांगीकार करावा लागत नाही, कारण बाप्तिस्म्यातच आधीच्या सगळ्या पापांची क्षमा होते. दुसऱ्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्मा झाला असेल आणि आता कॅथलिक ख्रिस्तसभेत येत असाल, तर मात्र प्रवेशाच्या आधी पापांगीकार असतो. बाप्तिस्मा झालेला नाही पण मन भरून आलं आहे, असेही लोक येतात. त्यांनी फादरांशी जरूर बोलावं, आशीर्वाद घ्यावा. संस्कार मिळणार नाही, पण कुणी परतही पाठवणार नाही.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये श्रद्धाळू माणूस आपली पापं थेट देवापुढे कबूल करतो, आणि उपासनेत सगळे मिळूनही कबुली देतात. मी पुढे सांगते आहे ती कॅथलिक रीत. धर्मगुरूपुढे का, असं विचाराल तर आम्ही योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय दाखवतो. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी प्रभू येशूने शिष्यांवर फुंकर घातली आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार त्यांच्या हाती दिला.

पायरी १ : दिवस ठरवा

बहुतेक धर्मग्रामांत शनिवारी संध्याकाळी किंवा मिस्साआधी फादर पापांगीकाराला बसतात. वेळ चर्चच्या सूचनाफलकावर असते. तुमची गोष्ट लांबलचक असेल तर ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या गर्दीत जाऊ नका. मागे तीसजण उभे असताना पंधरा वर्षांचं बोलणं होत नाही. कार्यालयात फोन करून फादरांकडे अर्धा तास मागा. कारण सांगावं लागत नाही.

एकट्याने जायची भीती वाटत असेल तर नाताळाच्या आणि ईस्टरच्या आधी होणारा सामुदायिक प्रायश्चित्त विधी बघा. त्यात वाचनं होतात, सगळे मिळून मनाचा आढावा घेतात आणि मग बाहेरून आलेले तीन-चार फादर वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसतात. कबुली प्रत्येकाची वेगळीच असते, पण सगळं गावच रांगेत असल्यामुळे आपल्याकडे कुणी वळून बघत नाही. आपल्या ओळखीच्या फादरांकडे लाज वाटत असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात गेलात तरी चालतं. त्यात कमीपणा नाही.

पायरी २ : मनाचा आढावा

इथे सावकाश जा. आदल्या रात्री घर निजल्यावर अर्धा तास काढा. आधी पवित्र आत्म्याला हाक मारा, की मला माझं मन जसं आहे तसं दाखव. मग ज्या ज्या गोष्टींसाठी आभार मानावेसे वाटतात त्या आठवा. संत इग्नेशियस लोयोलांनी (१४९१–१५५६) दिवसाचा आढावा घ्यायची जी रीत शिकवली तिची सुरुवातही आभारानेच होते, आणि हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्याच्याकडून काय मिळालं ते आठवलं, त्याच्याशी आपण कसे वागलो ते आपोआप दिसतं. उलट्या क्रमाने गेलं की माणूस नुसता स्वतःला कोसत बसतो.

मग दहा आज्ञा एकेक करून समोर ठेवा. ‘मी खून केला नाही, चोरी केली नाही’ म्हणून पान उलटू नका. चोरीच्या आज्ञेत कामवालीचा कापलेला पगारही येतो आणि भावाच्या नावावरची, पण आपण दाबून ठेवलेली जागाही येते. खोट्या साक्षीत लग्नाच्या मांडवात मागून केलेली कुजबुज येते. आईबापांचा मान राखायच्या आज्ञेत वृद्धाश्रमात न केलेला फोन येतो. दूरच्या पापांपेक्षा या जवळच्या पापांपाशी जास्त थांबावं, असं माझं मत आहे.

ख्रिस्तसभा प्राणघातक पाप आणि क्षुल्लक पाप असा फरक करते. बाब गंभीर असावी, ती गंभीर आहे हे पुरतं ठाऊक असावं, आणि तरीही मनापासून, स्वखुशीने केलेली असावी. या तिन्ही गोष्टी असतील तर ते प्राणघातक. अशी पापं आठवतील तेवढी सांगायची, कुठल्या प्रकारचं आणि साधारण किती वेळा तेही सांगायचं. बाकीची सांगणं बंधनकारक नाही, पण सांगावीत, त्याने सवयी कळतात. प्रामाणिकपणे आठवूनही एखादं राहून गेलं तर त्याचीही क्षमा होते, ध्यानात आल्यावर पुढच्या वेळी सांगून टाका. प्राणघातक पाप जाणूनबुजून लपवलं तर मात्र सगळाच पापांगीकार फुकट जातो.

कागदावर लिहून नेलं तरी चालतं. घाबरणाऱ्याला तर मी लिहूनच न्यायला सांगते, आणि काम झाल्यावर कागद फाडून टाकायला. मोबाइलमध्ये लिहू नका, तो दुसऱ्याच्या हाती पडतो.

दोन धोक्यांबद्दल स्पष्ट बोलते. काहींना प्रत्येक गोष्ट पापच वाटते, कबुली देऊन आल्यावर तासाभरात पुन्हा जावंसं वाटतं. अशांनी एकच फादर धरावेत, ते सांगतील तेवढंच करावं, आणि झोप-जेवण बिघडलं असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरांनाही भेटावं. दुसरं, तुमच्यावर कुणी हात उगारला असेल, लहानपणी कुणी वाईट वागलं असेल, तर ते तुमचं पाप नाही. त्याची कबुली द्यायची नसते. मार खाणाऱ्या बाईला ‘समेट कर’ म्हणून त्याच घरात परत पाठवणं हा या शब्दाचा अपमान आहे. तिथे सुरक्षित जागा, वकील आणि पोलीस ही योग्य वाट आहे.

पायरी ३ : ज्याच्याशी बोलणं टाकलंय तो

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. नीट वाचा. ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल’ असं ते नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल, असं आहे.

माझी सहा वर्षं इथेच अडली होती. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या पाटल्या सापडेनात. मी माझ्या थोरल्या जावेकडे बोट दाखवलं. तिच्या तोंडावर नाही, तिच्या पाठीमागे, चार घरी. माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता, राग मात्र खूप होता. मग मिस्साला गेले तरी ख्रिस्तशरीर, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घ्यायला उठवेना. लोक विचारतील म्हणून शेवटच्या बाकावर बसू लागले, पुढे पुढे जाणंच कमी झालं. देवापासून लांब जायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. एका घराचं दार टाळता टाळता दुसऱ्या घराचंही टळत गेलं.

तुमचंही असं कुणी असेल तर पापांगीकाराआधी सगळं मिटलंच पाहिजे, असं नाही. समोरचा माणूस तयार नसेल, परदेशी असेल, वारला असेल. मिटवायची इच्छा असली आणि तुमच्याकडून पहिलं पाऊल टाकायची तयारी असली, तर जा.

पायरी ४ : आत गेल्यावर

पापांगीकाराच्या पेटीत जाळीआड गुडघे टेकायचे की फादरांसमोर खुर्चीवर बसायचं, हे तुम्ही ठरवायचं. जाळीच्या पेट्या पहिल्यापासून नव्हत्या. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमियो यांनी सोळाव्या शतकात त्या आपल्या चर्चमधून लावायला सांगितल्या आणि मग त्या सगळीकडे गेल्या. त्याहून मागे गेलं तर पहिल्या शतकांत मोठ्या पापांचं प्रायश्चित्त उघड असे, कित्येक वर्षं चाले, आणि ती संधी आयुष्यात एकदाच मिळे. एकांतात आणि पुन्हा पुन्हा करता येणारी कबुली सहाव्या-सातव्या शतकात आयरिश मठवासीयांनी युरोपभर नेली. वर्षातून निदान एकदा तरी जावं हा नियम १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा. पाच मिनिटं जड वाटू लागली की मी हा इतिहास आठवते.

क्रूसाची खूण करा. मग म्हणा, “फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. माझा मागचा पापांगीकार अमुक वर्षांपूर्वी झाला.” वर्षं आठवत नसतील तर “लग्नाच्या वेळी केला होता” असं म्हणा. विधी येत नसेल तर पहिलंच वाक्य हे बोला: “मला काही आठवत नाही, तुम्ही सांगाल तसं करते.” फादर हात धरून नेतात.

पापं सांगताना साधं बोला. “माझ्याकडून जिभेचा संयम राहिला नाही” याच्याऐवजी “मी जावेला चोर म्हटलं” असं म्हणा. नवऱ्याची, सासूची, साहेबाची पापं सांगू नका, ती त्यांची त्यांना सांगू द्या. कारणं देऊ नका, पण परिस्थिती कळायला एखादं वाक्य लागलंच तर बोला. मराठीत बोला, आपल्या वसईच्या कादोडी बोलीत बोला, ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत बोला. रडू आलं तर येऊ द्या, नाही आलं तरी काही अडत नाही. पश्चात्ताप डोळ्यांत दिसायलाच हवा असं नाही. पुन्हा तसं करायचं नाही, हा निश्चय मनात असणं पुरेसं आहे.

गुप्ततेची काळजी सोडा. जे ऐकलं ते फादर कुणालाच सांगू शकत नाहीत, बिशपांनाही नाही, न्यायालयातही नाही. त्या माहितीचा तुमच्याविरुद्ध वापरही त्यांना करता येत नाही. गुप्ततेची ही मोहर थेट तोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. प्रागमधले संत जॉन नेपोमुक यांना १३९३मध्ये राजाच्या हुकमाने व्ल्टावा नदीत बुडवलं गेलं. राणीचा पापांगीकार सांगायला त्यांनी नकार दिला म्हणून, असं परंपरा सांगते. मौनाचं हे बंधन फादरांवर आहे, तुमच्यावर नाही, म्हणून मी माझी गोष्ट इथे लिहू शकते.

फादर थोडं बोलतील, एखादा प्रश्न विचारतील, मग प्रायश्चित्त देतील आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला सांगतील. पाठ नसेल तर आपल्या शब्दांत म्हणा: “हे देवा, तू माझ्यावर प्रेम केलंस आणि मी तुझ्यापासून तोंड फिरवलं. मला वाईट वाटतं. तुझ्या कृपेने मी पुन्हा तसं करणार नाही. येशूच्या नावाने मला क्षमा कर.”

यानंतर फादर तुमच्यावर हात उभारून क्षमेचे शब्द उच्चारतात. ते कान देऊन ऐका. १९७३मध्ये नव्याने आखलेल्या विधीत या शब्दांची सुरुवात दयाळू पित्यापासून होते, ज्याने आपल्या पुत्राच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने जगाचा स्वतःशी समेट केला. बघा, तोच शब्द. शेवटी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने ते तुम्हाला पापांतून मोकळं करतात. तुम्ही ‘आमेन’ म्हणायचं. झालं.

पायरी ५ : प्रायश्चित्त पुरं करा

बहुतेक वेळा एखादी प्रार्थना, एखादं स्तोत्र किंवा एखादं दयेचं काम असतं. ते त्याच दिवशी करा, उद्यावर गेलं की राहतं. प्रायश्चित्त ही क्षमेची किंमत नाही. क्षमा तर झालेली आहे. पण चेंडूने शेजाऱ्याची काच फुटली आणि त्याने माफ केलं, तरी काच फुटलेलीच असते, ती कुणीतरी बसवावी लागते. पैसे घेतले असतील तर परत करायचे. कुणाचं नाव खराब केलं असेल तर तेही परत करायचं, आणि हे जास्त कठीण आहे. मला फादरांनी बायबलमधलं एक्कावन्नावं स्तोत्र वाचायला सांगितलं आणि वर विचारलं, “किती घरी बोलला होतात?” मी म्हटलं, चार. “मग चारही घरी जाऊन सांगा की मी पुराव्याशिवाय बोलले. त्यानंतर जावेकडे.”

पायरी ६ : पुढचे दिवस

पुष्कळांना बाहेर आल्यावर पिसासारखं हलकं वाटतं. काहींना काहीच वाटत नाही आणि ते घाबरतात, आपलं काही चुकलं की काय. काही चुकलेलं नाही. संस्कार तुमच्या भावनेवर अवलंबून नसतो.

जवळीक मात्र रोजची असते. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, तरी त्यांचा अनुभव मी वर्गात नेहमी सांगते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३मध्ये इंग्लंडमध्ये झाला, आणि कितीतरी वर्षांनी, १८९१च्या सुमाराला, त्यांना उमगलं की ख्रिस्ताचा धर्म आपल्याला मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळायचा राहिला होता. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. एवढ्या मोठ्या बाईला वेळ लागला, तर आपल्यालाही लागू द्या. रोज दहा मिनिटं शुभवर्तमान वाचा, एकच उतारा, पण मोठ्याने. रात्री इग्नेशियसांचा आढावा घ्या. घरात संध्याकाळची जपमाळ होत असेल तर टीव्ही बंद करून बसा. रविवारी ख्रिस्तशरीर घ्यायला उठा, त्याआधी तासभर काही खाऊ नका, पाणी आणि औषध चालतं.

तेच पाप पुन्हा झालं तर? होईलच बहुधा. पुन्हा जा. पोप फ्रान्सिस निवडून आले त्याच आठवड्यात, १७ मार्च २०१३ला, म्हणाले होते की देव क्षमा करताना कधी थकत नाही, क्षमा मागताना आपणच थकतो. पुढच्या वर्षी संत पेत्राच्या महामंदिरात ते स्वतः सगळ्यांदेखत एका धर्मगुरूपुढे गुडघे टेकून बसलेले जगाने पाहिले. महिन्यातून एकदा, निदान दोन महिन्यांतून एकदा असा नेम ठेवला तर आढावा छोटा राहतो आणि रांगेत पाय जड होत नाहीत.

चार घरी जायला मला दोन आठवडे लागले. पाचव्या घरी जाताना सुकेळ्यांचा पुडा घेतला, कारण रिकाम्या हाताने काय बोलावं ते सुचत नव्हतं. जावेने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, पुड्याकडे बघितलं. मी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. दुसऱ्या वाक्यालाच ती म्हणाली, “उन्हात काय उभी, आत ये.” त्या दिवशी आम्ही फारसं बोललो नाही. पाटल्यांचा विषय तिनेही काढला नाही. नाताळात तिचा धाकटा फराळाचं ताट घेऊन आला. ताट रिकामं परत पाठवत नाहीत, म्हणून मी त्यात माझ्या करंज्या भरल्या आणि स्वतः नेऊन दिलं.